नारळ, राजीनामा आणि ‘रचनेतील बदल’: नोकरकपातीचे पत्र कसे वाचावे

बेळगावातील अनगोळच्या आमच्या घरात ‘ले-ऑफ’ या एका शब्दाचे दोन अर्थ नांदतात. थोरला भाऊ उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, मोल्डर (साचे तयार करणारा) आहे. तो ‘ले-ऑफ दिला’ म्हणतो तेव्हा ऑर्डर नाही, भट्टी थंड आहे, आठ-दहा दिवस घरी बसायचे आहे, पण मस्टरवरचे नाव कायम आहे, असा अर्थ असतो. त्याचा मुलगा पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीचे काम घरून करायचा. तो ‘ले-ऑफ झाला’ म्हणाला तेव्हा लॅपटॉपवरचे लॉगिन बंद झालेले होते आणि नोकरी संपलेली होती. भावाने त्याला सहज विचारले, “मग परत कधी बोलावलंय?” पोराला उत्तर देता येईना.

कायद्याच्या भाषेत भावाचा अर्थ बरोबर आहे. १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा असो किंवा २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेली औद्योगिक संबंध संहिता, २०२० असो, ‘ले-ऑफ’ म्हणजे मालकाला तात्पुरते काम देता न येणे. पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात वर्षभर सेवा झालेल्या कामगाराला त्या काळासाठी मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या निम्मी रक्कम मिळते. कायमचे कमी करण्याला कायद्यात ‘रिट्रेंचमेंट’ हा वेगळा शब्द आहे आणि त्याला वेगळ्या अटी आहेत. पुतण्याच्या पत्रात यांपैकी एकही शब्द नव्हता. तेथे लिहिले होते, ‘संस्थात्मक रचनेतील बदलामुळे आपल्या भूमिकेवर परिणाम झाला आहे’.

मी अकरा वर्षे एका कारखान्याच्या पर्सोनेल खात्यात अशी पत्रे तयार केली आहेत. त्या काळात मालकाने दिलेल्या कच्च्या वाक्यातून ‘कमी करणे’ हे क्रियापद काढून त्याजागी काहीतरी गुळगुळीत बसवणे हे माझे काम होते, आणि ते मी चांगले करत असे, हे सांगताना मला फारसा अभिमान वाटत नाही. तीच युक्ती उलट्या दिशेने कशी वापरावी, म्हणजे गुळगुळीत पत्रातून मूळ वाक्य कसे बाहेर काढावे, आणि ते सापडल्यावर पुढच्या काही दिवसांत काय करावे, हे या लेखात क्रमाने मांडले आहे.

पहिली पायरी: कर्ता शोधा

शाळेत आपण कर्तरी, कर्मणी आणि भावे असे प्रयोग शिकलो. ‘मालकाने अठ्ठावीस कामगार कमी केले’ या वाक्यात मालक समोर दिसतो. ‘अठ्ठावीस जागांचा आढावा घेण्यात आला’ या वाक्यात तो दिसत नाही. ‘-ण्यात आले’ हा नवीन कर्मणी प्रयोग सरकारी परिपत्रकांइतकाच कंपन्यांनाही प्रिय आहे, कारण त्यात ‘कोणाकडून’ हा शब्द गाळता येतो आणि तरीही वाक्य व्याकरणदृष्ट्या पूर्ण राहते. त्याच्याही पुढची पायरी म्हणजे अकर्तृक भावे प्रयोग. ‘उजाडले’, ‘गडगडते’, ‘सांजावले’ यांना कर्ताच नसतो, ते आपोआप घडते. ‘बाजारातील परिस्थितीमुळे मनुष्यबळ कमी झाले’ असे लिहिले की नोकरी जाणे हेही वळिवाच्या पावसासारखे होऊन बसते आणि पावसाला जाब विचारता येत नाही.

म्हणून पत्र हाती आले की पेन्सिल घ्यावी आणि प्रत्येक वाक्य साध्या मराठीत कर्तरी प्रयोगात पुन्हा लिहावे. कोण, काय करणार, कोणाला, कोणत्या तारखेपासून, एवढे चारच प्रश्न. इंग्रजी पत्राचे मराठी करताना शब्दकोशातले जड शब्द वापरू नयेत, कारण ‘पुनर्रचना’ लिहिले की पुन्हा धुकेच पडते. आमच्या कारखान्यातील कन्नड सुपरवायझर शॉपमध्ये येऊन ‘केलस इल्ला’ एवढेच सांगायचा. काम नाही. त्याच्या दोन शब्दांत जेवढी माहिती होती तेवढी माझ्या दीड पानी इंग्रजी पत्रात कधीच नसे.

दुसरी गोष्ट, मूळ बातमी पहिल्या परिच्छेदात शोधत बसू नये. जुलै २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने नोकियाकडून घेतलेल्या मोबाइल विभागातील कर्मचाऱ्यांना त्या विभागाचे प्रमुख स्टीफन इलॉप यांनी जे पत्र पाठवले, त्याची सुरुवात ‘हॅलो देअर’ अशी होती. उत्पादने, धोरण आणि दिशा यांवरचा बराच मजकूर ओलांडल्यावर वाचकाला कळत असे की सुमारे साडेबारा हजार लोकांच्या नोकऱ्या जाणार आहेत. आपल्याकडच्या पत्रांतही हाच क्रम असतो. कंपनीचा प्रवास, मग आव्हाने, मग ‘कठीण निर्णय’, आणि मग कोठेतरी मधल्या परिच्छेदात तारीख. आधी तारीख शोधावी, कारण तारखेभोवतीच खरे वाक्य असते.

दुसरी पायरी: शब्दांचे भाव ओळखा

सौम्य शब्दांचे वावडे मराठीलाही नाही. आपण दुकान बंद करत नाही, वाढवतो. बांगडी फुटत नाही, वाढवते. घरातून निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो. कामावरून काढण्यालाही ‘नारळ देणे’ म्हणतो. परंतु आपल्या या शब्दांचा अर्थ ऐकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतो आणि त्यातून बोलणाऱ्याचा संकोच व्यक्त होतो. कंपनीचा शब्द मात्र ज्याच्यासाठी लिहिला आहे त्यालाच तो कळू नये, निदान लगेच कळू नये, अशा बेताने निवडलेला असतो.

‘डाउनसायझिंग’ हा शब्द १९७० च्या दशकात अमेरिकेत मोटारींचा आकार लहान करण्यासाठी वापरला जात असे, आणि तो माणसांना नंतर लागला. मोटारींचे सुटे भाग ओतणाऱ्या आमच्या गावाला हे विशेष लक्षात राहावे. त्यातला ‘डाउन’ बोचू लागला तेव्हा ‘राइटसायझिंग’ आला, म्हणजे आधीची संख्याच चुकीची होती असे सुचवणारा शब्द. ‘रॅशनलायझेशन’, ‘रिअलाइनमेंट’, ‘ऑप्टिमायझेशन’ ही सगळी त्याच कुळातली. यांतील कोणताही शब्द पत्रात दिसला तर निर्णय झालेला आहे आणि आता फक्त यादीचा प्रश्न आहे, असे समजावे.

‘भूमिका संपुष्टात आली’ हे वाक्य अधिक काळजीने वाचावे. येथे माणूस नाही, खुर्ची काढली आहे असे सांगितले जाते. ऐकायला ते बरे वाटते, आणि तुमच्या दृष्टीने ते उपयोगाचेही असते, कारण जागाच उरली नाही असे कंपनीने स्वतः लिहिले की तुमच्या कामातील दोषामुळे तुम्हाला काढले, असे तिला नंतर म्हणणे अवघड जाते. असे पत्र जपून ठेवावे.

जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे दोन टक्के मनुष्यबळ, म्हणजे बारा हजारांच्या आसपास कर्मचारी, कमी करण्याचे जाहीर केले. ‘भविष्यासाठी सज्ज’ संस्था घडवण्याच्या प्रवासात, ज्यांना काम नेमून देणे शक्य होणार नाही अशा ‘असोसिएट्स’ना ‘रिलीज’ केले जाईल, अशा आशयाचे ते निवेदन होते. बेळगावातल्या किती घरांतली मुले पुण्या-बेंगळुरूच्या अशा कंपन्यांत आहेत हे सांगायला नको, त्यामुळे त्या आठवड्यात टिळकवाडीपासून वडगावपर्यंत हा ‘रिलीज’ शब्द फोनवर ऐकू येत होता. कैद्याला सोडतात, धरणाचे पाणी सोडतात, आणि आता नोकरालाही सोडतात. ‘असोसिएट’, ‘सहकारी’, ‘कुटुंब’ हे शब्दही याच हिशेबातले. कुटुंबातून कोणालाही एक महिन्याच्या नोटिशीवर कमी करत नाहीत.

कारखान्यांतील शब्द आखूड असतात, पण तेही निष्पाप नसतात. ‘ब्रेक देणे’ म्हणजे सलग सेवेचे २४० दिवस भरण्याआधी कामगाराला काही दिवस बाहेर ठेवून पुन्हा नवीन म्हणून घेणे. ‘ठेकेदार बदलला’ याचा अर्थ पुष्कळदा असा होतो की मशीन तेच, माणूस तोच, पण सेवेचा काळ पुन्हा शून्यापासून. ‘हिशेब करून घे’ म्हणजे उरलेले पैसे घे आणि नोकरी सोड, हे तर सर्वांनाच ठाऊक आहे. आयटीतील ‘पिप’, म्हणजे कामगिरी सुधारण्याची योजना, ही काही वेळा खरोखर सुधारण्यासाठी असते. परंतु उद्दिष्टे मोजता येण्यासारखी नसतील आणि मुदत तीस दिवसांची असेल, तर ती फाइल तयार करण्यासाठी आहे असे धरून चालावे.

पदनाम हाही एक सौम्य शब्दच आहे. कायद्याने ‘कामगार’ म्हणून मिळणारे संरक्षण व्यवस्थापकीय काम करणाऱ्यांना आणि दरमहा १८,००० रुपयांपेक्षा अधिक वेतनाच्या पर्यवेक्षकांना नाही, म्हणून कोणाला ‘असिस्टंट मॅनेजर’ केले की कंपनीचे एक काम हलके होते. मात्र न्यायालय पदनाम पाहत नाही, तुम्ही प्रत्यक्ष काय काम करता ते पाहते. हाताखाली एकही माणूस नसलेला, रजा मंजूर करण्याचा अधिकार नसलेला आणि दिवसभर स्वतःच ड्रॉइंग काढणारा ‘मॅनेजर’ कामगार ठरू शकतो.

तिसरी पायरी: बैठकीत कमी बोला, लिहून घ्या

बातमी देण्याची पद्धतही पत्राइतकीच ठरलेली असते. दुपारी किंवा आठवड्याच्या शेवटी ‘क्विक कनेक्ट’ नावाचे निमंत्रण येते, विषय लिहिलेला नसतो आणि साहेबांबरोबर एचआरचे कोणीतरी असते. डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेतील बेटर डॉट कॉमच्या प्रमुखांनी झूमवर काही मिनिटांत सुमारे ९०० जणांना काढले. ती पद्धत जगभर टीकेची धनी झाली, परंतु काही मिनिटांची बैठक मात्र सर्वत्र टिकून राहिली. बैठक आखूड ठेवण्याचे कारण सोपे आहे. प्रश्न सुचायला माणसाला वेळ लागतो.

म्हणून प्रश्न आधीच लिहून ठेवलेले बरे. हा निर्णय कंपनीचा आहे की तुम्ही माझा राजीनामा मागत आहात? शेवटची तारीख कोणती? कारण लेखी देणार का? नोटीस देणार की नोटिशीऐवजी पगार? माझ्या विभागातील सेवाज्येष्ठतेची यादी दाखवणार का? शेवटचा प्रश्न विचारायला लोक संकोचतात, पण कायद्याचा साधारण नियम असा आहे की त्या वर्गातील जो शेवटी लागला तो आधी जातो, आणि तसे करायचे नसेल तर मालकाने कारण नोंदवावे लागते. वाद घालू नये, विनवण्या करू नयेत, ‘ठीक आहे’ असेही म्हणू नये. ‘मी विचार करून लेखी कळवतो’ हे एक वाक्य पुरते.

त्याच संध्याकाळी स्वतःच्या खाजगी ईमेलवरून एचआरला चार ओळी पाठवाव्यात, आणि त्या कर्तरी प्रयोगात असाव्यात. ‘आज दुपारी तीन वाजता आपण मला बोलावले. कंपनी मला अमुक तारखेपासून कमी करत आहे असे आपण सांगितले. आपण मला राजीनामा देण्यास सांगितले. मी तो दिलेला नाही.’ एवढेच. नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा आणि वार्षिक मूल्यमापनाची पत्रे आधीच घरी असावीत, कारण लॉगिन बंद व्हायला मिनिटेही लागत नाहीत. ग्राहकांच्या किंवा कंपनीच्या कामाच्या फायली मात्र चुकूनही स्वतःकडे पाठवू नयेत, कारण मग काढण्याचे खरेखुरे कारण तुम्हीच त्यांच्या हातात देता.

चौथी पायरी: सही

या संपूर्ण प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही पायरी. ‘राजीनामा’ हा शब्द फोडून पाहावा. राजी आणि नामा, म्हणजे मी राजी आहे असे लिहून दिलेला कागद. आमच्या भागात कारखान्याची पत्रे इंग्रजीत, सरकारी कागद कन्नडमध्ये आणि घरचे बोलणे मराठीत असते, पण हा शब्द कन्नडमध्येही ‘राजीनामे’ असाच आहे, त्यामुळे कोणत्याही लिपीत असला तरी कानाला तो ओळखता येतो. एकदा त्या कागदावर सही झाली की कायद्याच्या दृष्टीने कंपनीने तुम्हाला काढलेले नसते, तुम्ही गेलेले असता. नोटीस, भरपाई, सेवाज्येष्ठता, पुन्हा कामावर घेताना मिळणारे प्राधान्य या सगळ्यांचे मूळ ‘मालकाने कमी केले’ या वाक्यात असल्यामुळे ते वाक्यच नाहीसे झाले की त्यामागचे सगळे ढासळते.

पुतण्याला सांगण्यात आले होते की राजीनामा दिला तर अनुभवाचे पत्र ‘स्वच्छ’ मिळेल आणि दोन महिन्यांचा पगारही मिळेल. त्याने ते पत्र स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवले, मी ओळीओळीचे मराठी केले, आणि भाऊ शांतपणे ऐकून म्हणाला, “म्हणजे नारळ ते देणार, पण बाजारातून आणायचा यानंच.” मी पर्सोनेलमध्ये होतो, मला हे इतक्या थोडक्यात कधी मांडता आले नाही.

राजीनामा कधीच देऊ नये असे मी म्हणत नाही. दुसरी नोकरी हातात असेल आणि देऊ केलेली रक्कम कायद्याने मिळणाऱ्या रकमेपेक्षा खरोखर जास्त असेल, तर तो व्यवहार म्हणून करता येतो. फक्त तो व्यवहार आहे हे माहीत असावे, सर्व रकमा आणि तारखा आधी लेखी घ्याव्यात, आणि ‘यापुढे माझी कोणतीही मागणी उरलेली नाही’ अशा ओळीवर सही पैसे खात्यात जमा होण्यापूर्वी करू नये.

पोच म्हणून सही मागितली तर ती द्यावी, पण सहीच्या वर आपल्या हाताने, आपल्या भाषेत लिहावे. आमच्या कारखान्यात खानापूर तालुक्यातला एक वयस्क मोल्डर होता. तो हजेरीच्या कागदाखेरीज प्रत्येक कागदावर आधी ‘फक्त पोच, मजकूर मान्य नाही’ असे मोठ्या अक्षरांत लिहायचा, खाली तारीख आणि वेळ घालायचा आणि मगच सही करायचा. आम्ही खात्यात त्याची थट्टा करत असू. कपातीच्या वेळी ज्यांच्या फाइली आमच्या वकिलांना अडचणीच्या वाटल्या, त्यांत त्याची पहिली होती.

पाचवी पायरी: हिशेब स्वतः करा

वर्षभर सलग सेवा, म्हणजे मागील बारा महिन्यांत २४० दिवस काम, झालेल्या कामगाराला कमी करताना कारणासह एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन द्यावे लागते. सहा महिन्यांपेक्षा अधिक काळ हे पूर्ण वर्ष धरले जाते. तीनशे किंवा अधिक कामगारांच्या कारखान्याला आधी सरकारची परवानगी लागते आणि तेथे नोटीस तीन महिन्यांची असते. ही मर्यादा जुन्या कायद्यात शंभराची होती, त्यामुळे मधल्या आकाराचे कारखाने आता परवानगीच्या बाहेर आहेत, मात्र नोटीस आणि भरपाई यांतून ते सुटलेले नाहीत. नव्या संहितेत पुनर्कौशल्य निधी हीही तरतूद आहे. त्यानुसार कमी केलेल्या कामगाराच्या खात्यात शेवटच्या वेतनाच्या पंधरा दिवसांइतकी रक्कम ४५ दिवसांत जमा व्हायची असते.

ग्रॅच्युइटी, म्हणजे दीर्घ सेवेबद्दल नोकरी सुटताना मिळणारी रक्कम, याहून वेगळी आहे आणि भरपाई दिली म्हणून ती बुडत नाही. समजा शेवटचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १५,६०० रुपये आहे आणि सेवा अकरा वर्षांची आहे. १५,६०० ला २६ ने भागले की दिवसाचे ६०० रुपये, पंधरा दिवसांचे ९,००० रुपये, आणि अकरा वर्षांचे ९९,००० रुपये. कंपनीच्या कागदावर ‘अंतिम देय’ अशी एकच रक्कम असेल तर ती फोडून मागावी, कारण एका आकड्यात तीन देणी आहेत की दोनच, हे बाहेरून दिसत नाही. वेतन संहितेनुसार कामावरून कमी केल्यावर किंवा राजीनामा दिल्यावर वेतनाचा हिशेब दोन कामकाजाच्या दिवसांत चुकता करायचा असतो, हेही ‘पुढच्या पगाराबरोबर बघू’ असे म्हणणाऱ्यांना सांगावे.

पीएफच्या खात्यात कंपनीने सोडल्याची कोणती तारीख आणि कोणते कारण भरले आहे ते पाहावे. पत्रात ‘भूमिका संपली’ आणि पीएफमध्ये ‘राजीनामा’ असे असेल तर लगेच लेखी हरकत घ्यावी. ईएसआयचे, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेचे, सदस्य असणाऱ्यांसाठी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत नव्वद दिवसांपर्यंत सरासरी वेतनाच्या निम्मी मदत मिळण्याची सोय आहे. तिला वेळोवेळी मुदतवाढ मिळत आली आहे, म्हणून ईएसआयच्या शाखेत जाऊन चौकशी करावी. गैरवर्तनाची शिक्षा म्हणून गेलेल्यांना आणि स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यांना ती मिळत नाही. येथेही कागदावर कोणता शब्द लिहिला गेला यावरच सारे ठरते.

तक्रार कोठे करावी

कारखाना कर्नाटकात असेल तर दार कर्नाटकच्या कामगार खात्याचे, म्हणजे पाटीवर जे ‘कार्मिक इलाखे’ असते त्याचे. पुण्याच्या कार्यालयात नेमणूक असून घरून काम करणाऱ्यांनी नेमणूकपत्रातील कामाचे ठिकाण पाहून घ्यावे. अर्ज मराठीतून द्यायचा की कन्नडमधून यावर आमच्याकडे चर्चा फार होते. माझा सल्ला एवढाच आहे की अर्ज कन्नड किंवा इंग्रजीत नीट लिहून घ्यावा, त्याचे मराठी स्वतःसाठी करून ठेवावे, आणि न समजलेल्या ओळीवर सही करू नये. समेट अधिकाऱ्याकडे अर्ज दिल्यावर ४५ दिवसांत तोडगा निघाला नाही तर कामगाराला स्वतः न्यायाधिकरणात जाता येते. नव्या संहितेत त्यासाठी कमी केल्याच्या तारखेपासून दोन वर्षांची मुदत आहे. पूर्वी ती तीन वर्षांची होती, त्यामुळे जुन्या जाणत्यांच्या सांगण्यावर विसंबून थांबू नये.

पत्र लिहिणाऱ्यांसाठी थोडेसे

उद्यमबाग, मच्छे आणि होनगा येथील लहान कारखानदारांनाही हे पत्र कधीतरी लिहावे लागते, आणि त्यातले बरेचजण इंटरनेटवरून मोठ्या कंपनीचा नमुना उचलतात. नमुना उचलायचाच असेल तर मे २०२० मध्ये राहण्याच्या जागा भाड्याने मिळवून देणाऱ्या एअरबीएनबी कंपनीचे प्रमुख ब्रायन चेस्की यांनी लिहिलेले पत्र पाहावे. साडेसात हजारांपैकी जवळपास एकोणीसशे लोक कमी होणार हा आकडा, त्यामागचे कारण, किती आठवड्यांचा पगार आणि वैद्यकीय विम्याचे काय, हे सारे त्यात स्पष्ट होते. आपल्या आकाराच्या कारखान्याला एवढे लांब लिहिण्याची गरज नाही.

‘आपल्या मुख्य ग्राहकाने १ तारखेपासून ऑर्डर बंद केली आहे. मी मशीन शॉपमधील सहा जणांना ३१ तारखेपासून कामावरून कमी करत आहे. हा निर्णय माझा आहे, तुमच्या कामात दोष नाही. नोटिशीचा पगार, भरपाई आणि ग्रॅच्युइटी यांचा वेगवेगळा हिशेब सोबत जोडला आहे. वर्षभरात भरती झाली तर आधी तुम्हाला बोलावीन.’ असे पत्र मराठीत आणि कन्नडमध्ये द्यावे, सकाळी द्यावे, प्रत्येकाला समोर बसवून वाचून दाखवावे. शेवटचे वाक्य दयेचे नाही, कमी केलेल्यांना एका वर्षात प्राधान्य देणे कायद्यातच आहे.

आणि पत्र दिल्याच्या दुसऱ्या दिवशी मालकाने कारखान्यात हजर असावे, कारण खरे प्रश्न रात्री घरी बायकोने विचारल्यावर सुचतात आणि माणूस ते घेऊन सकाळी गेटवर येतो. आमच्या कारखान्यात त्या दिवशी साहेब बाहेरगावी गेले होते, मी रजेवर होतो, आणि उत्तरे द्यायला वॉचमन होता.